कामावर गेलेल्या खुर्च्या

माझे मामा विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला लागले, तेव्हा कॉम्प्युटर चालू कुठून करायचा हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि सांगताना असे खुलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, यात काहीतरी मोठा पराक्रमच आहे.

त्याआधी ते टायपिंगचा क्लास चालवायचे. एका बुटांच्या दुकानावरची माडी, तिथे ओळीने मांडलेले टाइपरायटर आणि त्या खडखडाटाच्या वर आवाज चढवून शिकवणारे मामा. पुढे टायपिंग शिकायला कोणी येईना. मशिनं भंगारात गेली आणि मामांचा चढलेला आवाज मात्र तसाच राहिला. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून विचारणा व्हायची, "काय झालं हो?"

इंजिनिअरिंग विभागाला लॅब असिस्टंट हवा होता. मुलाखतीत विभागप्रमुखांनी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?"

मामा म्हणाले, "की-बोर्ड येतो. बाकीचा शिकून घेईन."

प्रमुख सर हसले. मामांना नोकरी मिळाली. आणि बोलल्याप्रमाणे ते खरंच शिकले. चुकत, विचारत, घरी येऊन पुटपुटत शिकले. मामी शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, कपड्यांचे ढीग, आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, पडदे शिवणं अशी कामं ती घ्यायची. मामांचं पुटपुटणं ऐकून ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "दिवसभर त्या यंत्राशी बोलता ना? मग घरी आल्यावर दोन शब्द माझ्याशीही बोलत जा. मी बंद पडत नाही, एवढाच माझा दोष."

माझ्या बाबांची बदलीची नोकरी. म्हणून इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यावर मी मामा-मामींकडे राहायला आले. त्यामुळे मामांना मी घरातही पाहिलं आणि लॅबमध्येही. ही दोन वेगळी माणसं होती.

लॅब म्हणजे तळमजल्यावरची एक लांबलचक खोली. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर मशीन, चाकांच्या निळ्या खुर्च्या, आणि जमिनीवर रबरी पट्टीखालून गेलेल्या तारा. मशिनं थोडी आणि विद्यार्थी फार. प्रत्येकाला एक तास मिळायचा. मामा दाराशी उंच स्टुलावर बसत. आत येणाऱ्याने हात धुतलेले हवेत, ओळखपत्र गळ्यात हवं, आणि खाण्याचं काही खिशातसुद्धा नको. तास संपला, की मामा त्या टायपिंग क्लासच्या आवाजात ओरडत, "पुढचा!" बाहेर जिन्यापर्यंत गेलेली रांग एक पाऊल पुढे सरकायची. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, 'पुढचे सर'. मामांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. "निदान मागचे सर तरी नाही म्हणत," असं ते म्हणायचे.

मी पहिल्यांदा लॅबमध्ये गेले तेव्हा लाडात येऊन म्हटलं, "मामा, जाऊ का आत?"

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ओळखपत्र?"

"मामा, सकाळी माझा डबा तुम्हीच भरलात."

"डबा मामाने भरला. इथे असिस्टंट बसलाय. ओळखपत्र?"

ते घरी राहिलं होतं. मला मुकाट्याने परत घरी जाऊन आणावं लागलं. मामीने ते मशीनच्या खणातून काढून दिलं आणि वर म्हणाली, "त्यांनी मलासुद्धा आत सोडलं नसतं गं." संध्याकाळी जेवताना मामांनी अगदी मायेनं विचारलं, "काय गं, कसा गेला दिवस? कोणी त्रास नाही ना दिला?"

मी म्हटलं, "लॅबच्या दारात एक खडूस माणूस बसतो. त्याने घरी परत पाठवलं."

"असतात अशी माणसं," मामा वाढून घेत म्हणाले, "तू मनावर घेऊ नकोस."

मी दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठात वायफाय आलं. त्यासाठी नवीनच नेमणूक झालेल्या एक इंजिनिअर बाई होत्या. खांद्यावर शिडी, तोंडात स्क्रू आणि पाठीवरच्या पिशवीत पांढऱ्या चपट्या डब्या. त्यांना सगळे नेटवर्क मॅडम म्हणायला लागले. वर्गांत, ग्रंथालयात, व्हरांड्यात, जिन्याखाली, जिथे छत दिसेल तिथे त्यांनी डबी लावली. त्या डबीतून इंटरनेट हवेत पसरणार, प्रत्येक विद्यार्थ्याला एक खातं आणि एक पासवर्ड मिळणार, आणि त्याच्यावर तो विद्यापीठात कुठेही बसून काम करू शकणार, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं.

शिडी घेऊन त्या लॅबमध्येही आल्या होत्या. मामांनी त्यांना दारातच थांबवलं.

"इथे कशाला? इथे प्रत्येक मशीनला तार आहे. ती डबी जिथे काहीच नाही तिथे लावा."

"सर, लावून ठेवली तर बरं. पुढे उपयोगी पडेल."

"मॅडम, पंगतीत ज्याचं पोट भरलंय त्याला वाढत नाहीत," मामा थाटात म्हणाले. मॅडमना ते पटलं की त्यांना वाद घालायचा कंटाळा आला, कोण जाणे. त्या शिडी घेऊन दुसरीकडे गेल्या.

आणि मग गंमत सुरू झाली. कोणी नवा लॅपटॉप आणला, कोणी थोरल्या भावाचा जुना आणला, कोणी बिजागरी तुटलेला दोरीने बांधून आणला. जो तो आपापला लॅपटॉप उघडून मिळेल त्या कोपऱ्यात बसायला लागला. जिन्यापर्यंतची रांग आधी दारापर्यंत आली, मग स्टुलापर्यंत आली, आणि एक दिवस रांगच उरली नाही. मामा मशिनं पुसत, वाकड्या खुर्च्या सरळ करत, आणि तास झाला की सवयीनं ओरडत.

लॅबमध्ये येणारी एकच व्यक्ती उरली. ती आमच्या वर्गातली, पण आम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठी. कारखान्यात वेल्डिंगचं काम करत होती. तिथेच नोकरी करता करता तिने डिप्लोमा केला, आणि तिची हुशारी बघून कारखान्याने तिला पुढे शिकायला परवानगी दिली. सकाळी कारखाना, दुपारनंतर कॉलेज. आम्ही तिला वेल्डरताई म्हणायचो. तिच्याकडे लॅपटॉप नव्हता. पहिल्या रांगेतलं पहिलं मशीन तिचं. ती एका बोटानं टाइप करायची, आणि तेही असं, की प्रत्येक अक्षराला ठिणगी उडेल की काय असं वाटावं.

एकदा तास संपला. मामा ओरडले, "पुढचा!"

वेल्डरताईने मागे वळून पाहिलं. सगळी लॅब रिकामी. ती म्हणाली, "सर, पुढचीही मीच आहे."

मामांना हसू फुटलं. पण संध्याकाळी घरी आले ते गप्पच. मीठसुद्धा हळू आवाजात मागितलं. मामीने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"तुमचं काही नाही भिंतीपलीकडे ऐकू जातं. आज नाही गेलं. म्हणजे काहीतरी झालंय."

मामांनी सगळं सांगितलं. मुलं येत नाहीत, मशिनं नुसती पुसायची, स्टुलावर माशा मारत बसायचं. मामीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याकडे गिऱ्हाईक यायचं बंद झालं, तर मी दारात बसून ओरडत बसेन का? उठून बघेन, गेलं कुठे. तुमची मुलं काय हवेत विरघळली? बघा तरी कुठे बसतात."

दुसऱ्या दिवशी मामांनी वेल्डरताईला सांगितलं, "ताई, जरा लक्ष ठेवा," आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच ते कामाच्या वेळेत लॅबबाहेर पडले.

मुलं हवेत विरघळली नव्हती, पण त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. जिन्याखाली, जिथे झाडू आणि बादल्या ठेवतात, तिथे चौघं जण बादल्या उपड्या घालून बसली होती. ग्रंथालयाच्या मागच्या दाराशी एक मुलगी खिडकीच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवून उभ्यानं काम करत होती. तिचा एक पाय दुखला की ती दुसऱ्यावर उभी राहायची. व्हरांड्याच्या टोकाला एक जण पोटावर पालथा पडून टाइप करत होता, आणि येणारे-जाणारे त्याला ओलांडून जात होते. मामांनी त्याला विचारलं, "अरे, इथेच का?"

"सर, इथे रेंज फुल येते. थोडं तिकडे सरकलं की गेली."

आणि मग त्यांना मी सापडले. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात, भिंतीला पाठ लावून, थंडगार फरशीवर बसलेली.

"इथे गं?"

"रेंज चांगली आहे, मामा."

"आणि हा वास?"

"वासाचीही रेंज चांगली आहे."

मामा तसेच मागे वळले. ते गेले आणि थोड्या वेळानं व्हरांड्यातून कुईकुई आवाज आला. बघते तर मामा लॅबची निळी खुर्ची ढकलत आणताहेत. माझ्यासमोर आणून त्यांनी ती खुर्ची हातरुमालानं पुसली.

"बस. फरशीवर बसून पाठ मोडून घेऊ नकोस."

"मामा, लॅबची खुर्ची बाहेर चालते?"

"तिला चाकं आहेत. चालणारच."

त्या दिवसापासून त्यांना नादच लागला. रोज थोड्या खुर्च्या बाहेर जायच्या. जिन्याखाली गेल्या, ग्रंथालयामागे गेल्या, व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. कुईकुई ऐकू आली, की मुलं म्हणायची, "पुढचे सर आले!" आणि उठून उभी राहायची. उभ्यानं काम करणाऱ्या मुलीसाठी मामांनी एक छोटं टेबलही कुठूनसं पैदा केलं. संध्याकाळी ते पुन्हा एक फेरी मारून कुठली खुर्ची कुठे आहे ते बघून यायचे, जशी काही जनावरं चरायला सोडलीयत. घरी त्यांचा आवाज परत पूर्ववत झाला. शेजारून विचारणा व्हायला लागली.

अशातच आम्ही शेवटच्या वर्षाला आलो आणि विभागात बाहेरून एक तपासणी समिती येणार असं ठरलं. सगळीकडे रंगरंगोटी झाली, कुंड्या मांडल्या गेल्या. प्रमुख सर तसे शांत माणूस, पण समिती म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसायची. त्यांनी मामांना बोलावून विचारलं, "लॅब ठीक आहे ना?"

"चकचकीत आहे, सर."

हे खोटं नव्हतं. मशिनांवर धुळीचा कण नव्हता.

समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर प्राध्यापक बाई होत्या. हातात काठी, गुडघे दुखत असावेत, पण डोळे मिश्कील. प्रमुख सरांनी मोठ्या अभिमानानं लॅबचं दार उघडलं. "ही आमची कॉम्प्युटर लॅब."

आत मशिनांच्या चकचकीत रांगा. पहिल्या मशीनसमोर पाठमोरी वेल्डरताई. आणि ती बसली होती ती एक सोडली, तर संपूर्ण लॅबमध्ये एकही खुर्ची नव्हती.

प्रमुख सर आ वासून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "खुर्च्या कुठे आहेत?"

मामा स्टुलावरून उतरले. "सर, कामावर गेल्यात."

"काय?"

"इथे रिकाम्या बसून होत्या. जिथे मुलं बसतात तिथे पाठवल्या."

मी तेव्हा समितीच्या मागे पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेऊन उभी होते. मी ट्रे खिडकीत ठेवून दिला. प्रमुख सरांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. पण अध्यक्षबाई काठी टेकत वळल्या. "कामावर गेल्यात ना? मग चला, भेटून येऊ."

सगळी वरात निघाली. जिन्याखाली मुलं खुर्च्यांवर बसून काम करत होती. समिती बघून ताडकन उठली. अध्यक्षबाईंनी सरळ एक खुर्ची ओढली आणि "आई गं" म्हणत बसल्या. गुडघ्याला आराम पडला तसा त्यांचा आवाज मऊ झाला.

"बाळांनो, तिकडे एवढी मोठी लॅब रिकामी आहे. टेबलं आहेत, पंखे आहेत. मग इथे बादल्यांशेजारी का?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक जण म्हणाला, "मॅडम, लॅबमध्ये वायफाय येत नाही."

"येत नाही?" प्रमुख सर म्हणाले. "सगळ्या विभागात येतं आणि लॅबमध्ये येत नाही?"

नेटवर्क मॅडमना बोलावणं गेलं. त्या आल्या, तोंडातला स्क्रू काढून खिशात टाकला आणि अवघडून उभ्या राहिल्या.

"सर, मी तिथे डबी लावायला गेले होते. पण…" त्यांनी मामांकडे पाहिलं. "म्हणजे, तिथे गरज नाही असं मला सांगण्यात आलं."

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. मामांच्या डोक्यात उजेड पडताना मी प्रत्यक्ष पाहिला. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं, मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"मीच! मीच परत पाठवलं हो यांना. म्हटलं, पोट भरलेल्याला कशाला वाढायचं! आणि मग मीच रडत बसलो, मुलं येत नाहीत म्हणून!"

अध्यक्षबाई एवढ्या हसल्या, की चाकाची खुर्ची मागे सरकायला लागली आणि दोन मुलांनी ती धरली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," डोळे पुसत त्या म्हणाल्या. त्या हसल्या म्हणून समिती हसली, समिती हसली म्हणून मुलं हसली, आणि शेवटी प्रमुख सरांनाही हसावं लागलं.

समिती गेल्यावर मात्र मामांना आत बोलावलं गेलं. बोलणी बसली, पण फार नाही. खुर्च्या ताबडतोब परत आणा, एवढ्यावर निभावलं. खुर्च्या परत आल्या त्याही थाटात. एक जण खुर्चीवर बसलेला, दुसरा ढकलतोय, मागे तिसरी जोडी, सगळा व्हरांडा कुईकुईनं भरून गेलेला. पोटावर पडून टाइप करणारा मुलगा खुर्चीवर मांडी घालून राजासारखा आला. मामा पुढे चालत ओरडत होते, "हळू! वळणावर हळू!"

डबी बसवायला मॅडम आल्या, तेव्हा शिडी धरायला मामा स्वतः उभे राहिले. खालून सूचना चालू होत्या. "मॅडम, जरा खिडकीकडे तोंड करा तिचं. म्हणजे मागच्या रांगेलाही लागेल."

"सर, हा पंखा नाही. बल्बसारखं समजा. मध्ये लावला की सगळीकडे उजेड."

"असं होय!" मामा खूश. "मग आपल्या भिंती आडव्या येत असतील?"

"येतात ना. जाड भिंत असली, की पलीकडे अंधार."

त्या रात्री मामांनी मामीला बल्ब आणि भिंतीची थिअरी इतक्या उत्साहानं सांगितली, की मामी म्हणाली, "उद्यापासून माझं दुकान तुम्ही चालवा, मी कॉलेजला जाते."

पण दोनच दिवसांत मामा पुन्हा पडलेल्या चेहऱ्यानं घरी आले. प्रमुख सरांनी नवा बेत आखला होता. आता लॅबमध्ये वायफाय आहे, मुलांकडे लॅपटॉप आहेत, मग ती जुनी मशिनं कशाला? सगळी काढून टाकायची, मोठी टेबलं घालायची, चार्जिंगचे पॉइंट काढायचे आणि झकास बसायची जागा करायची.

"मग चांगलंच आहे की," मामी म्हणाली. "तोंड का पडलंय?"

"ताई कुठे बसेल?"

मामी मशीनचं चाक फिरवायची थांबली. "हे त्यांना विचारलंत?"

"मी काय विचारणार? ते प्रमुख, मी असिस्टंट."

"की-बोर्ड येतो, बाकीचा शिकून घेईन, असं कोण म्हणालं होतं त्यांना? तेव्हा बरी जीभ चालली. बोला उद्या."

दुसऱ्या दिवशी मामा प्रमुख सरांच्या दारात गेले. मी पुढचं मामांकडून आणि वेल्डरताईकडून, दोघांकडूनही ऐकलं आहे. दोघांचं सांगणं जुळतं, फक्त मामांच्या सांगण्यात मामा कमी घाबरलेले असतात. त्यांनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, "सर, सगळी मशिनं काढू नका."

"का? प्रत्येकाकडे लॅपटॉप आहे."

"प्रत्येकाकडे नाही, सर. वेल्डरताईकडे नाही."

"एका विद्यार्थिनीसाठी सगळी लॅब ठेवायची?"

"सगळी नको. एक रांग ठेवा."

प्रमुख सर विचारात पडले. "आणखी किती जणांकडे नाही, ते वर्गात विचारून घेऊ. हात वर करायला सांगू."

वेल्डरताई तेव्हा दुसऱ्याच कामासाठी दाराबाहेर उभी होती. ती आत आली. "सर, असं विचारलंत तर कोणी हात वर करणार नाही. मी करेन, मला लाज वाटत नाही. पण बाकीची मुलं कोवळी आहेत. तुम्ही रांग ठेवा. बसतील तेव्हा कळेल."

प्रमुख सरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. या सत्रापुरती ठेवू. रिकामी राहिली तर काढू."

लॅब नवी झाली. मध्ये मोठी टेबलं, जागोजाग चार्जिंगची सोय, छतावर डबी, आणि भिंतीलगत नीट पुसून ठेवलेली मशिनांची एक रांग. खिडक्यांना मामीने पडदे शिवून दिले आणि ते लावायला स्वतः आली. मामांनी दारात तिला विचारलं, "ओळखपत्र?" तिने कात्री दाखवली. सोडलं आत.

पहिल्या आठवड्यात त्या रांगेत वेल्डरताई एकटीच होती. मग एक मुलगा येऊन शेजारी बसला. तो आतापर्यंत मित्रांचे लॅपटॉप आळीपाळीनं मागून दिवस काढत होता. कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग आणखी दोघी आल्या. आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं काम सुरू झालं तेव्हा भलतंच उघडकीला आलं. पुलाच्या आणि यंत्रांच्या चाचण्या कॉम्प्युटरवर करून बघायचं जे जड सॉफ्टवेअर असतं, ते आमच्या हौशी लॅपटॉपांवर चालेचना. माझा तर तापून बंदच पडला. ज्यांच्याकडे झकपक लॅपटॉप होते तेही त्या रांगेसमोर घुटमळायला लागले. प्रमुख सर एकदा डोकावले, भरलेली रांग बघितली आणि निघून गेले. पुढच्या सत्रात एका रांगेच्या दोन रांगा झाल्या.

रिकाम्या वेळात मामांनी वेल्डरताईला टायपिंग शिकवायला घेतलं. तिच्या की-बोर्डवर रुमाल टाकून म्हणायचे, "न बघता. बोटांना वाट पाठ झाली पाहिजे."

"सर, माझी बोटं लोखंडाची झालीत."

"लोखंड तापवलं की वाकतं, हे तुम्ही मला शिकवायचं की मी तुम्हाला?"

ती हसायची आणि पुन्हा सुरुवात करायची. वर्षाच्या शेवटी तिने आपला प्रोजेक्टचा अहवाल स्वतः टाइप केला. वेल्डिंगच्या जोडांना कुठे तडे जाऊ शकतात ते तिने त्या मशीनवर आधीच शोधून दाखवलं होतं. परीक्षकांनी तिला बरेच प्रश्न विचारले आणि मग चहा मागवून आणखी विचारले, यावेळी स्वतःला समजून घ्यायचं होतं म्हणून. ती चांगल्या श्रेणीने पास झाली. मीही झाले. माझ्या श्रेणीबद्दल मामी म्हणते, "काठावर का होईना, पोहोचली."

निकालानंतरची गोष्ट. मुलींच्या वसतिगृहाच्या मागच्या बाजूला अजून वायफाय पोहोचत नव्हतं. जाड भिंती, पलीकडे अंधार. गच्चीवर मोठी डबी उंच लावायची, तर धरायला भक्कम लोखंडी स्टँड हवा. मॅडमनी मामांना सांगितलं, मामांनी वेल्डरताईला, आणि तिने कारखान्यातल्या उरलेल्या तुकड्यांतून, साहेबांना विचारून, असा स्टँड करून आणला की मॅडम त्याच्यावर हात फिरवून म्हणाल्या, "याच्यावर मलासुद्धा बसवा, पडणार नाही."

दुपारचं ऊन, गच्चीवर सुसाट वारा. स्टँडचे बोल्ट आवळायला वेल्डरताई, शिडीवर मॅडम, शिडी धरून मामा. मामांना उंचीची भीती वाटते हे आम्हाला त्या दिवशी कळलं, कारण ते शिडी धरत नव्हते, शिडीच त्यांना धरून होती. मी खाली अंगणात उभी होते. खिडक्याखिडक्यांतून मुली फोन आणि लॅपटॉप हातात धरून वर बघत होत्या.

मॅडमनी वरून विचारलं, "आली का?"

मामांनी गच्चीच्या कठड्यावरून, डोळे मिटूनच, आपल्या त्या आवाजात ते खाली पोहोचवलं, "आली काऽऽ?"

मुलींनी नकारार्थी माना हलवल्या. मॅडमनी तार काढून पुन्हा घातली. मग पहिल्या मजल्यावरची एक खिडकी किंचाळली, "आली!" मग तिच्या शेजारची, मग वरची, मग सगळी बाजूच "आली, आली" म्हणून दणाणून गेली. एका मुलीने तिथल्या तिथे घरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीबाहेर धरून आईला अंगण, झाडं आणि मला दाखवायला लागली. मी हात हलवला.

"सर!" शेवटच्या खिडकीतून एक बारीक आवाज आला. "कोपऱ्यातल्या खोलीत अजून येत नाही!"

मॅडमनी शिडीवर कपाळाला हात लावला. वेल्डरताईने पाना पुन्हा हातात घेतला. मामांनी एक डोळा उघडून खाली बघितलं, लगेच मिटला आणि ओरडले, "थांब गं, तुझ्याकडेच येतोय!"